पुण्यातलं हॅलोविन: भोपळा अख्खा, रोपं जिवंत

बाणेर, वाकड, मगरपट्टा अशा भागांतल्या सोसायट्यांमध्ये आता ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांची भुतावळ चॉकलेटं गोळा करत दारोदार फिरते. मुलांच्या हट्टापायी पहिल्यांदाच सजावट करणारे बहुतेक पालक दोन गोष्टी करतात. प्लास्टिकची कोळिष्टकं मागवतात, आणि व्हिडिओ बघून आठवडाभर आधीच भोपळा कोरून ठेवतात. कोळिष्टकं पुढची कित्येक वर्षं माळ्यावर पडून राहतात आणि भोपळा ऑक्टोबर हीटमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसतो. त्यापेक्षा सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. भोपळा शक्यतो कापायचा नाही आणि रोपं त्यांच्या कुंडीतून हलवायची नाहीत. मग सण संपला की भोपळा स्वयंपाकघरात जातो आणि रोपं बाल्कनीत राहतात.

भोपळा या सणात आला तोही सोयीपोटीच. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतला सर्व संतांचा दिवस, आणि हॅलोविन ही त्याची आदली संध्याकाळ. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले स्थलांतरित अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठा आणि कोरायला मऊ भोपळा सहज मिळाला, म्हणून सलगम मागे पडलं. तेव्हा आपणही मंडईत जे मिळतं त्यावर काम भागवलं तर त्यात काही चुकत नाही. दृष्ट लागू नये म्हणून दारावर कोहळा टांगणाऱ्या गावाला दारातला भोपळा तसा नवीन नाहीच.

आधी पंचांग बघा

हे गमतीनं सांगत नाही. हॅलोविनची तारीख पक्की, दिवाळीची हलती. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होऊन गेलं होतं. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हॅलोविन दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आधी येतं. सजावट कशी आणि किती दिवस ठेवायची हे यावर ठरतं.

दिवाळी आधी झाली असेल तर चैनच. किल्ल्याची माती, उरलेल्या कुंड्या, माळा, सगळं हाताशी असतं. दिवाळी पुढे असेल तर भुतं १ नोव्हेंबरलाच उतरवा, वसुबारसेच्या दिव्यांशेजारी सांगाडा कुणालाच नको असतो. आणि दोन्ही एकाच दिवशी आले तर माझं मत स्पष्ट आहे: उंबरठा रांगोळी-पणत्यांना द्या आणि भोपळे बाल्कनीत किंवा जिन्याच्या कोपऱ्यात न्या. तुळशीवृंदावनाला या सगळ्यातून वगळा. शेजारच्या आजी काही बोलणार नाहीत कदाचित, पण त्यांना आवडणारही नाही.

भोपळा कुठला घ्यायचा

परदेशी चित्रांतला गुळगुळीत नारिंगी भोपळा इथल्या बाजारात क्वचित दिसतो. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, बाहेरून हिरवट-तपकिरी किंवा मातकट पिवळा, खोल फाकांचा आणि बहुधा चपटा असतो. सजावटीला मला तोच जास्त आवडतो, कारण तो आधीच भुतासारखा दिसतो. रंगवून त्याला नारिंगी करायच्या भानगडीत पडू नका.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे तो फोडींनी विकला जातो, अख्खा मागितला तर उद्या आणतो म्हणून सांगतील. निवड करायची असेल तर महात्मा फुले मंडई किंवा गुलटेकडीचं मार्केट यार्ड गाठा, आणि तेही सकाळी. घेताना तीन गोष्टी बघा. देठ शाबूत हवा, कारण देठ तुटलेला भोपळा तिथूनच सडायला लागतो. सालीत नख रुतता कामा नये. आणि तळ सपाट हवा, नाहीतर तो दारात गडगडत राहील. वरच्या बाजूला देठाभोवती खोलगट वाटीसारखा खळगा असलेला भोपळा मिळाला तर तो बाजूला काढून ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

देठासकट, न कापलेला, पक्का भोपळा हवेशीर जागी काही महिने टिकतो. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला आणून ठेवला तरी चालतो. फक्त थेट फरशीवर ठेवू नका, खाली चुंबळ किंवा गोणपाट घाला म्हणजे तळाला ओल धरत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्यात दुपारी पारा ३१-३२ अंशांपर्यंत जातो आणि मधेच एखादी परतीची सर येते, तेव्हा ऊन आणि पागोळ्या दोन्ही टाळा.

चेहरा: रंगाऐवजी कागद

काळ्या चार्ट पेपरचे डोळे, नाक, वाकडे दात कापा आणि भाताच्या खळीनं चिकटवा. एवढंच. मुलांना कात्री-कागद देऊन तुम्ही चहा प्यायला मोकळे. पांढरं भूत हवं असेल तर खडूची पूड पाण्यात दाट कालवून भोपळ्याला फासा, वाळल्यावर झकास मळकट पांढरा रंग येतो आणि ओल्या फडक्यानं निघतोही. ऑइल पेंट, स्प्रे आणि चमकी लावलात की तो भोपळा खाण्यातून गेला आणि खतातूनही गेला.

वरचा खळगा आणि सक्युलंट

या लेखातलं सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं तंत्र हेच. न कापलेल्या भोपळ्याच्या माथ्यावर शेवाळ बसवून त्यावर सक्युलंटच्या, म्हणजे जाड गरदार पानांच्या रोपांच्या, फांद्या चिकटवायच्या. फांद्या मरत नाहीत, उलट शेवाळात मुळं धरतात, आणि सजावट महिना-दीड महिना ताजी राहते.

२५-२६ ऑक्टोबरला सुरुवात करा. नर्सरीतून एकेव्हेरिया, सेडम, जेड किंवा ग्रॅप्टोपेटॅलम घ्या. या शेवटच्याला नर्सरीवाले घोस्ट प्लांट म्हणतात, राखाडी-पांढुरक्या पानांचं असतं आणि आपल्या कामाला अगदी फिट. घरी असतील तर विकत घ्यायचीही गरज नाही, शेजाऱ्यांकडून तुकडे मागा. प्रत्येक फांदीला दोन-तीन सेंटिमीटर दांडी ठेवून कापा आणि सावलीत कागदावर दोन-तीन दिवस पडू द्या. कापलेलं तोंड वाळून खपली धरली पाहिजे. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग फांद्या कुजतात.

२८-२९ तारखेला भोपळा ओल्या कापडानं पुसून पूर्ण कोरडा करा. खळग्यात स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे त्या शेवाळाचा, दोन-तीन सेंटिमीटर जाड थर द्या. ऑर्किड ठेवणाऱ्या नर्सरीत मॉस मिळतं. नाही मिळालं तर नारळाच्या शेंड्या पिंजून वापरा. तो थर फेविकॉलनं चिकटवलात तर रात्रभर वाळू द्या. ग्लू गन असेल तर काम अर्ध्या तासात होतं, मात्र गरम गोंद आधी मॉसवर टाका, दहा सेकंद थांबा, मग फांदी टेकवा. मोठी रोपं मध्ये, बारीक कडेला, आणि एखाद-दुसरी लोंबती फांदी कपाळावर आलेल्या बटेसारखी खाली सोडा.

पाणी घालायचं नाही, फवारायचं. आठवड्यातून एकदा, मॉस जेमतेम ओलं होईल इतकंच. खळग्यात पाणी साचलं तर भोपळा आतून बसतो. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नको. भोपळा मऊ पडायला लागला की मॉसची टोपी सुरीनं अलगद सोडवून तशीच्या तशी कुंडीतल्या वाळूमिश्रित मातीवर ठेवा. मुळं खाली उतरतात.

झाडं: आणायची कुठली

इथे आधी एक भ्रम काढून टाकू. विलायती हॅलोविनच्या चित्रांत लालपिवळी पानगळ असते, कारण तिकडे तेव्हा तो ऋतू असतो. पुण्यात ऑक्टोबरच्या अखेरीला झाडं पावसाळ्यानं माजलेली असतात, आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चची. तेव्हा तो रंग पानझडीतून येणार नाही, कुंड्यांमधून आणावा लागेल.

क्रोटन सगळ्यात आधी घ्या. नारिंगी, पिवळी, लालभडक, शिरा-शिरांची पानं, आणि नर्सरीतलं सगळ्यात चिवट झाड. सोबतीला जांभळ्या-काळ्या पानांचं पर्पल हार्ट, जे पुण्यात रस्त्याच्या दुभाजकांमध्येही वाढतं. मखमली, गडद लाल कोलियस. झेंडू आणि शेवंतीचा हंगाम असतोच, पण झेंडू पिवळा न घेता गडद केशरी घ्या, नाहीतर दार सत्यनारायणाला सजवल्यासारखं वाटेल.

आणि कोंबडा. लाल मखमली तुऱ्याच्या या झाडाकडे आपण जुन्या वाड्यांच्या अंगणातलं म्हणून दुर्लक्ष करतो, पण त्याचा वळ्यावळ्यांचा तुरा हुबेहूब मेंदूसारखा दिसतो. पांढऱ्या चुन्यानं रंगवलेल्या मातीच्या गोल कुंडीवर कवटीचे डोळे काढा आणि कोंबड्याचं रोप नर्सरीच्या पिशवीसकट त्यात उतरवा. कवटी फुटून मेंदू वर आलाय! लहान मुलं या एका कुंडीपाशी जितकी थांबतील तितकी विकतच्या सांगाड्यापाशी थांबणार नाहीत. त्याच कुळातला रानटी कुरडू याच दिवसांत टेकड्यांवर गुलाबी-पांढरा फुललेला असतो. तो मात्र तिथेच राहू द्या. वेताळ टेकडीचं नाव हॅलोविनला कितीही शोभत असलं तरी तिथून काही उपटून आणायचं नाही.

पॉइन्सेटियाच्या मागे लागू नका, त्याची लाली डिसेंबरची. कॅलेडियमही नको, थंडी पडायला लागली की ते झोपी जातं आणि तुम्हाला वाटतं तुम्हीच मारलं.

खरेदीला हडपसरपासून मांजरी, उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याच्या बाजूनं नर्सऱ्या आहेत, एका फेरीत सगळं मिळतं. सोसायटीच्या गेटसाठी वीस-पंचवीस कुंड्या लागणार असतील तर विकत घेऊ नका, बऱ्याच नर्सऱ्या लग्न-समारंभांना कुंड्या भाड्यानं देतात, त्यांना विचारा. रोप आणल्यावर त्या आठवड्यात कुंडी बदलू नका. नर्सरीची काळी पिशवी तशीच जुन्या मडक्यात किंवा बुरुड आळीतल्या बांबूच्या टोपलीत ठेवा आणि वरून सुकं गवत पसरा. घर बदलल्याचा धक्का रोपाला आधीच बसलेला असतो, त्यात मुळांना हात लावलात तर सणाच्या दिवशी माना टाकलेली रोपं मिरवावी लागतील. भुताच्या सजावटीत ते खपेल म्हणा.

खराटा, कडबा आणि करवंटीचे मुंजे

चेटकिणीचा झाडू म्हणून खराटा वापरा, केरसुणी नाही. केरसुणीला आपण लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहतो, ती भिंतीला उलटी टांगलेली घरातल्या मोठ्यांना खटकेल, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेत दारात मक्याची ताटं बांधून उभी करतात, त्या जागी ज्वारीच्या कडब्याची पेंढी किंवा बाजरीचं सरमाड छान दिसतं. कडब्याजवळ पणती, मेणबत्ती काहीही पेटतं ठेवायचं नाही. तिथे फक्त सेलवरचे दिवे.

किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या पुण्याला पुढची युक्ती नव्यानं शिकवायला नको. नारळाच्या करवंटीवर चुन्यानं डोळे आणि दात काढा, आत ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून भरा आणि वर अळीव दाट पेरा. भिजत घालू नका, बुळबुळीत गोळा होऊन नीट पसरत नाही. कोरडंच पेरा आणि हातानं पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत मोड, आठवड्यात बोटभर हिरवे ताठ केस. म्हणजे २४ तारखेला पेरलं की ३१ ला मुंजा तयार. सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा शिंपडा. एक दिवस विसरलात तर केस झोपतात. सण झाला की हे केस कात्रीनं कापून काकडीच्या कोशिंबिरीत घाला, तिखटसर लागतात.

तरीही कोरायचाच असेल तर

मुलं ऐकणार नाहीत, त्यामुळे एक भोपळा कोरण्यासाठी धराच. आपला लाल भोपळा जाड गराचा आणि टणक सालीचा, त्यामुळे विळीवर किंवा मोठ्या सुरीनं जोर लावून करायचं हे काम नाही. छोटी, दातेरी, टोकदार सुरी घ्या. कापणं मोठ्यांनी, गर काढणं मुलांनी. काही घरांत अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाईनं चालवायची नाही असा रिवाज असतो. तुमच्याकडे असेल तर निदान त्या निमित्तानं बाबांना कामाला लावता येईल.

कोरायचा मुहूर्त ३० ची रात्र किंवा ३१ ची दुपार, त्याआधी नाही. झाकण वरून न कापता तळाला गोल भोक पाडा. देठ शाबूत राहतो आणि भोपळा दिव्यावर नुसता टोपीसारखा ठेवता येतो. बिया काढून स्टीलच्या चमच्यानं आतून गर खरवडा, जिथे चेहरा येणार तिथे भिंत अडीच सेंटिमीटरपर्यंत पातळ करा. डोळे मोठे आणि सरळ रेषांचे ठेवा, नक्षीकाम टणक सालीत तुटतं. त्याहून सोपं म्हणजे आरपार न कापता फक्त साल तासून चेहरा काढायचा. गडद सालीवर केशरी गराची रेघ सुरेख उठून दिसते.

कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळा, त्यानं ओलावा धरून राहतो आणि कडा लवकर सुरकुतत नाहीत. आत एलईडी दिवा. पणती ठेवली तर गर शिजून भोपळा रात्रीतच खाली बसतो, आणि शेपट्या-झगे घातलेली मुलं आसपास पळत असतात हेही आहे. १ नोव्हेंबरच्या सकाळी त्याला चिलटं आणि मुंग्या लागलेल्या असतील. तो ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात, तुकडे करून.

खरवडलेला गर मात्र त्याच रात्री वापरा. दोन वाट्या गराला एक वाटी गूळ घालून गूळ विरघळेपर्यंत शिजवा, कोमट झाल्यावर मीठ, चमचाभर गरम तेलाचं मोहन, थोडी तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवा. जाडसर थापून तळले की घारगे. दारावर येणाऱ्या भुतांना चॉकलेटबरोबर एकेक द्या, आधी नाकं मुरडतील, मग परत येतील.

सांभाळायच्या गोष्टी

भीतिदायक दिसतं म्हणून मोकळ्या प्लॉटवरचा धोत्रा आणू नका. त्याची काटेरी फळं चेटकिणीच्या बागेला शोभतात खरी, पण झाड मुळापासून बीपर्यंत विषारी आहे. कण्हेर आणि कळलावीचंही तेच. डिफेनबाखियाचं पान चावलं तर तोंड सुजतं, क्रोटन आणि युफोर्बियाचा चीक कातडीला खाज आणतो, म्हणून ही झाडं मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडापासून उंच ठेवा आणि फांदी तुटली तर हात धुवा. कुणी काही चावून गिळलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, झाडाचं पान सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी रोज ओता. पावसाळ्यानंतरचे हे दिवस डेंग्यूच्या डासांचे असतात. रात्री अख्खे भोपळेही जमिनीवर ठेवू नका, तळमजल्यावर घुशी आणि उंदीर त्यांचा फडशा पाडतात.

पुढच्या वर्षी घरचा भोपळा

नारिंगी भोपळ्याची हौस असेल तर तो लावणं हाच खात्रीचा मार्ग. बेंगळुरूच्या आयआयएचआर या बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का सूर्यमुखी' ही जात किलो-दीड किलोची, चपटी-गोल आणि गडद नारिंगी सालीची फळं देते. गच्चीवरच्या वेलाला ती बेताच्या आकाराची आहे. बी जूनच्या उत्तरार्धात लावा, कारण फळ पक्कं व्हायला साधारण शंभर दिवस लागतात आणि साल पिकायला थोडी सवड हवी. दोन फूट रुंदीच्या ग्रो बॅगेत एकच वेल, सहा-सात तास ऊन आणि वेल पसरायला गच्चीचा कठडा एवढं पुरतं. पाऊस ओसरला की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते, तेव्हा पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला. कोवळ्या फळांना फळमाशीपासून वाचवायला सुती पिशवी बांधा.

पहिली फुलं येऊन गळून जातात तेव्हा घाबरू नका, ती नर असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा दिसतो. ते उमललं की सकाळी नऊच्या आत एक नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. उंच इमारतींत मधमाश्या पोचतीलच असं नाही, म्हणून हे काम स्वतः करावं लागतं. वेलावर तीन-चार फळं ठेवा, जास्त ठेवलीत तर कुणीच धड मोठं होत नाही. परागासाठी रोज एक-दोन नर फुलं राखा आणि उरलेली डाळीच्या पिठात बुडवून भज्यांना घ्या.